नानांचे चकचकीत पेडल

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या ना. हळू बोलायचं आहे. आणि लगेच वळून बघू नका. कोपऱ्यातल्या घरासमोर ती लाल गाडी उभी आहे ना, तिच्या दारातून दोन पाय बाहेर आलेत, ते आपल्या नानांचे. डोकं आत, स्टिअरिंगच्या खाली. शनिवारीही अस्सेच होते. समोरच्या बाईंना वाटलं माणूस बेशुद्ध पडलाय, त्या पोलिसांनाच फोन लावत होत्या. मी धावत जाऊन थांबवलं.

काय करताहेत म्हणून काय विचारता? पेडल! ॲल्युमिनियमचे पेडल, क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर, तिन्ही मिळून वीस डॉलर. शनिवारी बसवले आणि आज त्यातला एक काढताहेत. का काढताहेत तेच सांगायला बोलावलं तुम्हाला, पण क्रमानं सांगू द्या, नाहीतर मजा जाते.

ती गाडी म्हणजे माझदाची मियाटा, १९९६ची. मुलगी कॉलेजला गेली, गॅरेज रिकामं झालं, आणि पुढच्याच महिन्यात नाना ही घेऊन आले. दोनच सीटा. त्यांच्या बायकोला, अक्काला, विचारलं तर म्हणाली, ‘दोघंच उरलोय की आता, तिसरी सीट कशाला पायजे?’ वरचं कापडी छप्पर बसल्या जागेवरून हातानं मागे लोटायचं, आणि दिवे लावले की बॉनेटमधून दोन डोळे वर येतात. खरं सांगू? मलाही आवडते ती गाडी. फक्त तिच्याबद्दल नानांना काही विचारायची सोय नाही. विचारलंत की सगळं पुराण ऐकावं लागतं. १९७९मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकारानं माझदाच्या केनिची यामामोटोंना कसं सांगितलं की ब्रिटिश करायचे तशी हलकी, उघडी, दोन सीटांची गाडी तुम्ही करा. मग १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती कशी आली. आणि २०१६मध्ये दहा लाखावी गाडी कशी बाहेर पडली. तेवढ्यात चहा गार. आणि प्रत्येक वेळी शेवट ठरलेला: ‘ताई, वजन! सगळी जादू वजनात हाय. माझदाचे लोक एकेक ग्रॅम मोजतात.’

हे खरं आहे बरं का. तिसऱ्या पिढीची मियाटा करताना त्यांनी ग्रॅमच्या हिशेबाचं धोरणच आखलं होतं, आतला आरसासुद्धा हलका केला होता. म्हणून मी शनिवारी विचारलं, ‘नाना, मग हे पेडल कशाला? तुम्ही काढणार रबर, ते पिसासारखं. त्याच्या जागी बसवणार ॲल्युमिनियमची प्लेट, पट्टे, बोल्ट, नट. आणि खालचं पोलाद आहे तिथंच. वजन वाढलं की कमी झालं?’ ॲल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाचं असतं, कबूल. पण पोलाद काढून त्याच्या जागी ते बसवलं तर फायदा! फेरारीनं एफ-४०मध्ये भोकं पाडलेले पेडल दिले ते गाडीतून वजन काढायच्या नादात. आपल्याकडे चालतं ते नुसतं वरून चढवण्याचं. नाना काय म्हणाले माहितीय? ‘ताई, दिसायला लय भारी हाय की!’ आता यावर काय बोलणार? आणि दिसतात कुठे ते? गाडीत बसलं की पेडल दिसतच नाहीत. दार उघडून उभं राहिलेल्या दुसऱ्या माणसाला दिसतात. म्हणजे तुम्हाला-मला.

आता मी तिथे कशी पोचले? मॅटिनी बघायला नाही हो गेले. अक्कानंच निरोप पाठवला: ‘तुम्ही मेकॅनिकलच्या, ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवा.’ पुण्याच्या सीओईपी कॉलेजातून बाहेर पडून इतकी वर्षं झाली, इकडे औषधांच्या कारखान्यातली मशिनं सांभाळण्यात गेली, पण गल्लीत कुणाचा नट फिरेना की अजून मलाच हाक. बरं, गाडीचा ब्रेक म्हटल्यावर मी गप्प बसणारही नव्हते.

पाकीट उघडलं. तीन प्लेटा, चकचकीत, भोकाभोकांतून काळे रबरी ठिपके बाहेर आलेले. ते ठिपके बुटाला पकड मिळावी म्हणून असतात. प्लेटा हातात घेऊन मी खरंच बघत राहिले. चांगल्या होत्या! जाडी ठीक, कडा घासलेल्या, वाकत नव्हत्या. ॲल्युमिनियम काही वीस डॉलरमध्ये खोटं येत नाही. माझदाचे स्वतःचे घ्यायला गेलात तर शंभराच्या वर जातात, आणि हातात धरून दोन्हींत फार फरक सांगता यायचा नाही. मग स्वस्ताई कुठे केली होती? नट-बोल्टांत! लहानसे मऊ बोल्ट, ॲलन की घातली की डोकं गोल व्हायला लागलेलं. साधे नट. वॉशर एकही नाही. मागून आवळायच्या पट्ट्या इतक्या पातळ की मी बोटानं वाकवली. जे डोळ्याला दिसणार ते झकास, जे पेडलच्या पाठीमागे लपणार ते भंगार. माझं मत विचाराल तर स्वस्त सामान ओळखायचं ते त्याची पाठ बघूनच.

आणि नाना काय करायला निघाले होते? जुन्या रबरावरूनच पट्टे आवळायला! पाकिटावर तसं चित्रच आहे: भोक पाडू नका, काढू नका, पाच मिनिटांत बसवा. मी म्हटलं, थांबा. रबर दबतं. आज तुम्ही घट्ट आवळाल, रोजच्या दाबानं रबर बसत जाईल, पट्टा ढिला होईल आणि प्लेट एका बाजूला सरकेल. कधी सरकेल? नेमका जोरात ब्रेक मारताना. इथल्या सरकारी ब्रेक चाचणीत पायाचा जोर ५०० न्यूटनपर्यंत धरतात, म्हणजे जवळजवळ ५१ किलोचा भार. घाबरलेला माणूस तेवढा जोर सहज देतो. आणि पाय मधोमध पडतो असंही नाही, कडेवर पडतो. मग प्लेटला पिळा बसतो. त्या पिळ्यापुढे ती बोटानं वाकणारी पट्टी काय टिकणार?

नाना जरा पांढरे पडले. बरं झालं.

मग रीतसर काम सुरू केलं. ड्रायव्हरची सीट काढली, चार बोल्टांवरच असते. आपल्या वयात स्टिअरिंगखाली मान वाकडी करून झोपण्यापेक्षा ते पंधरा मिनिटांचं काम परवडतं. (नानांना ते पटलं नाही, त्यांना झोपायचंच होतं. मला तर वाटतं बायकोपासून लांब, उताणं, हातात टॉर्च घेऊन पडायला मिळतं म्हणूनच पुरुष गाड्या दुरुस्त करतात.) क्लच-ब्रेकची रबरं नुसती कडा दुमडून बसवलेली असतात, बोटानं कड उचलली की निघतात. मी ती पिशवीत घालून, पिशवीवर लिहून, अक्काच्या हातात दिली. नाना म्हणे, ‘कचऱ्यात टाका की.’ मूळचा भाग कधी टाकायचा नाही, वहिनी. गाडी विकताना लागतो, आणि त्याच्या आधीही लागू शकतो.

रबर काढल्यावर खाली पोलादाची पट्टी, थोडी गंजलेली. ती घासली. ब्रेकला मात्र मी पट्ट्यांवर सोडलं नाही. सरळ दोन भोकं पाडून घेतली, लहान, मधोमध, कडेपासून लांब. आधी पंच मारून खूण, मग बारीक बिट, मग हवं त्या मापाचं. कडांचे बारीक दात घासून काढले, उघड्या पोलादाला रंग लावला, नाहीतर न्यू जर्सीत थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ बुटाबरोबर आत येतं आणि गंज धरतो. पाकिटातले बोल्ट बाजूला ठेवले. हार्डवेअरच्या दुकानातून चांगले पोलादी बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट आणले, त्यांत नायलॉनची कडी असते, थरथरीनं सैल होत नाहीत. वर निळ्या लॉकटाइटचा थेंब. नाना लाल बाटली घेऊन आले होते! लाल म्हणजे पुन्हा काढायचं झालं तर गरम करावं लागतं. आणि गाडीत, स्टिअरिंगखाली, गालिच्याशेजारी ज्योत पेटवणार कोण? सगळं मिळून किती खर्च झाला? सात-आठ डॉलर. विसाच्या पेडलला आठाचे नट-बोल्ट! नाना हळहळले हो. पेडलला वीस देताना नव्हते हळहळले.

मला गंमत काय वाटते सांगू? या राज्यात आपल्याला पेट्रोलसुद्धा स्वतःच्या हातानं भरू देत नाहीत. १९४९चा कायदा, का तर आग लागेल. आपण गाडीत बसायचं, पंपावरच्या मुलानं भरायचं. पण ब्रेकच्या पेडलला घरच्या घरी भोकं पाडा, कुणी विचारणार नाही! इन्स्पेक्शनला नेली तर काय बघतात? नुसता धूर. २०१०पासून साध्या गाड्यांचे ब्रेक-बिक बघणंच बंद केलंय. त्यामुळे बघायचं ते आपणच.

आणि म्हणूनच ॲक्सिलरेटरपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ब्रेक सरकला तर पायाला कळतं तरी. ॲक्सिलरेटर खाली अडकला की गाडी आपली राहत नाही. तुम्हाला २००९ आठवतं? कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससमध्ये चार माणसं गेली. गाडी डीलरनं तात्पुरती दिलेली होती, आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट घातली होती. पेडल तिच्यात अडकलं. मग टोयोटानं मॅटसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या, पुढच्या जानेवारीत पेडलच परत वर न येण्याच्या तक्रारीवरून आणखी लाखो. आपल्या ओळखीतल्या किती जणांच्या कॅमरी गेल्या होत्या तेव्हा डीलरकडे! एवढ्या मोठ्या कारखान्याला जे महागात पडलं ते नानांच्या ड्राइव्हवेत होऊ नये एवढंच माझं म्हणणं होतं.

तर मॅट बाहेर काढली. ॲक्सिलरेटरची प्लेट बसवून मागून निघालेली बोल्टांची शेपटं कापून घासून घेतली, कारण तीच गालिच्यात रुततात. मग इंजिन बंद ठेवून नाना आत, मी बॉनेट उघडून बाहेर. जुनी गाडी, केबलनं चालते, त्यामुळे सगळं डोळ्यानं दिसतं. ‘पूर्ण दाबा. सोडा. अर्धं दाबा. सोडा. कडेनं दाबा. सोडा.’ पाय काढला की थ्रॉटल खटकन बंद झालं पाहिजे, रेंगाळायला नको. मग मॅट पुन्हा घालून तेच सगळं. नाना कंटाळले. मी नाही कंटाळले.

तेवढ्यात त्यांनी ते सुरू केलं, हील अँड टो. माहीत नाही तुम्हाला? शर्यतीतले ड्रायव्हर करतात. उजव्या पायाचा पंजा ब्रेकवर, आणि त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर टेकवून इंजिनाचे फेरे वाढवायचे. म्हणजे ब्रेक मारता मारताच खालचा गिअर झटका न बसता पडतो. कला आहे, मी नाही म्हणत नाही. आणि खरं तर पेडल बदलायचं एक शहाणं कारण असेल तर हेच आहे. मियाटात ॲक्सिलरेटर ब्रेकच्या मानानं खोल असतो, पायाची कड पोचत नाही. रुंद प्लेट घातली, तिच्याखाली वॉशर घालून ती थोडी वर आणली, की पोचते. पण नानांनी काय मागवलं? ब्रेकची प्लेट जाड, ॲक्सिलरेटरची पातळ. म्हणजे अंतर होतं त्याहून वाढलं! शेवटी ॲक्सिलरेटरखाली दोन-दोन वॉशर घालून मी ते मूळपदावर आणलं. त्याहून वर आणू दिलं नाही, नाहीतर घाईत एकाच पायानं दोन्ही दाबले जातात. एवढं करून हे महाशय ती कला करणार कुठे, तर रूट वनच्या सिग्नलला!

करू दे हो. त्यांचा जीव रमतो. पण पायात काय घालून करतात? कोल्हापुरी! मूळ गाव सोडवत नाही. मी म्हटलं, नाना, कातड्याचा तळवा, त्यावर घासून घासून आलेली चकाकी, खाली गुळगुळीत धातू, आणि पावसातून आलात की मध्ये पाणी. रबराच्या पेडलवर हे खपत होतं, यावर नाही खपणार. ते रबरी ठिपके? नुसते मागून दाबून बसवलेले असतात, त्यांतले काही शनिवारीच निघून मॅटवर पडले. चिकटवून घेतले म्हणा. तर आता कोल्हापुरी गाडीच्या डिकीत आणि चालवताना बूट, असं ठरलंय. किती दिवस टिकतंय बघू.

हां, तर आज काय झालं. शनिवारी क्लचची प्लेट राहिली होती. सहा वाजले, मला नाटकाच्या तालमीला जायचं होतं, नाना म्हणाले, ‘ताई तुम्ही जावा, एवढं मी करतो.’ क्लचच तो, त्यानं कुणाचा जीव जात नाही, म्हणून मी गेले. त्यांनी प्लेट बसवली ती पट्ट्यांवरच, आणि चित्रात शोभून दिसते म्हणून चांगली खाली लोंबती ठेवली. रविवारभर चालवली, खूश. आज सोमवारी अक्काला गाडी हवी होती.

आता अक्का म्हणजे कोण? वडिलांच्या जीपवर उसाच्या फडात गाडी शिकलेली बाई. नाना इथे येऊन ऑटोमॅटिकवर शिकले, मॅन्युअल त्यांना लग्नानंतर अक्कानंच शिकवलंय, हे ते कुणाला सांगत नाहीत. बसली, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, आणि कर्रर्र! पुन्हा दाबला, पुन्हा कर्रर्र. मी खिडकीतून ऐकलं. नाना धावत आले, ‘जुनी गाडी हाय, असं वाजतंच.’ अक्का खाली उतरली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, ‘वाजतंय कसलं? तुमचा ह्यो पाट भुईला टेकतोय की! क्लच पुरा दबायच्या आधीच!’

बरोबर पकडलं! प्लेटची खालची कड आणि बोल्टांची डोकी गालिच्यावर आपटतात, पायाला वाटतं क्लच तळाला गेला, पण तो पुरता सुटलेलाच नसतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला कळत नाही, त्यांना सिंक्रोनायझर सांभाळून घेतो. या गाडीच्या रिव्हर्सला तशी सोय नाही, ती लगेच ओरडते. असंच महिनाभर चालवलं असतं तर गिअरबॉक्सचे दात गेले असते. वीस डॉलरच्या पेडलपायी! नाना रविवारभर चालवून खूश होते कारण त्यांनी रिव्हर्स टाकलाच नव्हता. ड्राइव्हवे गोल आहे ना त्यांचा, पुढूनच बाहेर पडतात.

म्हणून आज ते पाय बाहेर दिसताहेत. अक्कानं पिशवी हातात दिली आणि म्हणाली, ‘रबर बसवा, मग जेवायला या.’ आता त्या गाडीत ब्रेक-ॲक्सिलरेटर ॲल्युमिनियमचे आणि क्लच रबराचा असणार. नाना सगळ्यांना सांगताहेत की शर्यतीत असंच असतं म्हणून. सांगू दे. मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, वहिनी. त्या खोक्यात दोन सेट आले होते. दोन घेतले की टपालखर्च माफ. दुसरा सेट कुणाला दिला म्हणून विचारलं तर नाना विषय बदलतात. आपल्या गल्लीतच कुणीतरी...

काय? काय म्हणालात?

तुमच्या चिरंजीवांनी? कधी? म्हणजे इतका वेळ मी बोलतेय आणि तुम्ही नुसत्या मान डोलावताय! आणि त्याची तर ती सिव्हिक, ऑटोमॅटिक, लीजवर घेतलेली. म्हणजे भोकं पाडलेली नसणारच. रबरावरूनच आवळले असतील ना? पाकिटातल्याच बोल्टांनी? आणि ॲक्सिलरेटरखाली ती जाड हिवाळी मॅट अजून तशीच? अहो, कुठे निघालाय तो आज? पार्कवेनं?

निघाला नाही ना अजून? मग किल्ली घेऊन या आधी. चहा राहू द्या. त्याला म्हणावं मावशी रागावणार नाही, फक्त मागून नट बघणार आहे. आणि जुनी रबरं निघालेलीच नाहीत, आतच आहेत, म्हणजे काम सोपं, पट्टे सोडले की झालं. थांबा, पाना तिकडेच राहिलाय.

नाना! ओ नाना! तो दहाचा पाना जरा इकडे टाका. नाही, तुम्ही येऊ नका, तुम्ही आधी क्लच पुरा करा!